झुकते माप आणि रिकामे पारडे : अध्यक्ष निक्सन यांच्या १९७१ मधील दक्षिण आशियाविषयक धोरणाची चिकित्सा

प्रस्तावना

१५ नोव्हेंबर १९७१ पासून भारतातील टपालावर पाच पैशांचा जादा कर लागू झाला. अंधेरीहून मुलुंडला पाठवायच्या पाकिटावरही नेहमीच्या तिकिटाशेजारी 'शरणार्थी साहाय्या'चे आणखी एक तिकीट चिकटवणे भाग झाले. सुरुवातीला तर कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ठसा उमटवून काम भागवण्यात आले. स्वतंत्र तिकीट डिसेंबरमध्ये आले. रेल्वेच्या प्रवासभाड्यावर आणि देशांतर्गत विमानप्रवासावरही कर बसला. अर्थखाते तेव्हा यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होते. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून आली होती आणि त्यांच्या अन्नवस्त्राचा खर्च शेवटी महाराष्ट्रातील पाकिटावरही येऊन पडला होता. टपालावरील हा कर मार्च १९७३ अखेरपर्यंत चालू राहिला.

त्या काळात अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी घेतलेल्या भूमिकेवर मराठीत पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. 'सातवे आरमार' हा शब्द तर आपल्या राजकीय बोलीत कायमचा रुजला. तथापि या साऱ्या टीकेचा सूर बहुतांशी एकच राहिला : निक्सन यांनी पाकिस्तानला झुकते माप दिले आणि भारताशी वैर धरले. हे विधान खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि अपुरेपणामुळे काहीसे दिशाभूल करणारेही आहे. 'झुकते माप' म्हटले की तराजू आला. तराजूला दोन पारडी, एकात भारत आणि दुसऱ्यात पाकिस्तान. ज्या साडेसात कोटी लोकांच्या मतदानातून हा सारा पेच निर्माण झाला, त्यांना या तराजूत जागाच नाही. निक्सन यांच्या धोरणाचा मुख्य दोष काटा कोणत्या बाजूला झुकला हा नसून काय तोलायचे हेच त्यांना दिसले नाही, हा होता. आणि आपल्या टीकेनेही बव्हंशी तोच तराजू उचललेला आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे.

जनादेशाचा पेच

डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर पहिलीच सार्वत्रिक निवडणूक झाली. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी पूर्व बंगालच्या किनाऱ्यावर भीषण चक्रीवादळ येऊन गेले होते, आणि इस्लामाबादच्या थंड प्रतिसादाने तेथील जनमत आधीच विटलेले होते. शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला पूर्वेकडील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० मिळाल्या. महिलांच्या राखीव जागा धरून ३१३ सदस्यांच्या राष्ट्रीय सभेत १६७ जागा, म्हणजे स्वबळावर निर्विवाद बहुमत. झुल्फिकार अली भुट्टो यांचा पक्ष ८१ सर्वसाधारण जागांवर थांबला. घटनात्मकदृष्ट्या प्रश्न सरळ होता. बहुमत ज्याचे, त्याला सरकार बनवू द्यायचे की नाही?

अध्यक्ष याह्या खान यांनी १ मार्च १९७१ रोजी राष्ट्रीय सभेचे अधिवेशन पुढे ढकलले आणि २५ मार्चच्या रात्री लष्कर ढाक्याच्या रस्त्यांवर उतरवले. विद्यापीठाच्या वसतिगृहांवर गोळीबार झाला, प्राध्यापक मारले गेले. आपण महाविद्यालयीन अध्यापक असल्यामुळे हा तपशील आपल्याला विशेष बोचतो. त्याहून महत्त्वाचे असे की, येथे एका लष्करशहाने स्वतःच घेतलेल्या निवडणुकीचा निकाल बंदुकीने रद्द केला होता. फुटीर चळवळ आणि अखंडता टिकवू पाहणारे केंद्र या नेहमीच्या साच्यात ही घटना बसत नव्हती, कारण फुटीर ठरवला गेलेला पक्ष हाच मुळी अवघ्या पाकिस्तानचा बहुमताचा पक्ष होता.

ही गोष्ट वॉशिंग्टनला कळली नव्हती असे म्हणायला जागा नाही. ढाक्यातील अमेरिकी महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी २८ मार्चलाच, निवडून निवडून केलेला वंशसंहार अशा शब्दांत परिस्थितीचे वर्णन करणारी तार पाठवली होती. ६ एप्रिलला दुसरी तार गेली. ढाक्यातील वीस अमेरिकी अधिकाऱ्यांनी सही करून आपल्याच सरकारच्या धोरणाशी असहमती नोंदवली होती, आणि सरकार लोकशाहीच्या गळचेपीचा निषेध करण्यात अपयशी ठरले आहे असा तिचा आशय होता. ब्लड यांनी ती स्वतःच्या दुजोऱ्यासह पुढे धाडली. परराष्ट्र खात्यात दक्षिण आशियाचे काम पाहणाऱ्या काही अधिकाऱ्यांनीही तिला पाठिंबा दिला. दिल्लीतील राजदूत केनेथ कीटिंग हे निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे माजी सिनेटर. त्यांचेही म्हणणे फारसे वेगळे नव्हते. म्हणजे घटनास्थळी असलेला अधिकारी, शेजारच्या राजधानीतील राजदूत आणि मुख्यालयातील काही जाणकार हे सारे एकाच दिशेने बोट दाखवत होते.

यावर अध्यक्षांचे उत्तर काय होते? एप्रिलच्या अखेरीस त्यांच्यापुढे धोरणाचे पर्याय मांडणारे टिपण आले, तेव्हा त्यांनी स्वहस्ते शेरा मारला की, याह्या यांच्यावर या वेळी दबाव आणू नये; आणि नकारार्थी शब्दाखाली तीन रेघा ओढल्या. ब्लड यांची ढाक्याहून बदली करण्यात आली. कीटिंग भारतीयांच्या नादी लागले आहेत, अशी त्यांची संभावना झाली. एखाद्या राष्ट्राध्यक्षाने आपल्या राजदूतांचा सल्ला न मानणे यात गैर काही नाही. तो त्याचा अधिकारच आहे. परंतु सल्ला न मानणे वेगळे आणि सल्ल्यातील माहितीच अमान्य करणे वेगळे. येथे दुसरे घडले. ढाक्यात काय चालले आहे याविषयी वाद नव्हताच; ढाक्यात जे चालले आहे त्याचा धोरणाशी काही संबंध आहे, हेच मान्य नव्हते.

शस्त्रास्त्रांच्या बाबतीत या वृत्तीचे प्रत्यक्ष रूप दिसले. पाकिस्तानला शस्त्रे देणे थांबवले आहे असा समज पसरलेला असताना, आधीच्या परवान्यांखालील सामग्री पाकिस्तानी जहाजांतून जातच असल्याचे जून १९७१ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनी उघड केले. त्यांपैकी एका जहाजाचे नाव 'सुंदरबन्स' आणि दुसऱ्याचे 'पद्मा'. बंगालच्या नदीचे नाव मिरवणाऱ्या जहाजातून बंगाल्यांवर रोखायची शस्त्रे! जुलैमध्ये बाल्टिमोरच्या बंदरात काही अमेरिकी नागरिकांनी छोट्या होड्या आडव्या घालून 'पद्मा'ची वाट अडवण्याचा प्रयत्न केला आणि अटक ओढवून घेतली. अमेरिका म्हणजे निक्सन नव्हेत, हे आपल्या टीकेत अनेकदा निसटते. सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये पश्चिम बंगालमधील छावण्यांतून फिरून गेले. निर्वासितांसाठी आलेल्या परदेशी मदतीत अमेरिकेच्या सरकारी तिजोरीचा वाटाही मोठा होता, हे नोंदवणे न्यायाचे होईल. एका हाताने निर्वासितांना धान्य आणि दुसऱ्या हाताने त्यांना निर्वासित करणाऱ्याला अभय, अशी ती विसंगती होती.

चीनचा बचाव कितपत टिकतो?

निक्सन यांच्या बाजूने केला जाणारा सर्वात भारदस्त युक्तिवाद चीनचा आहे, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. चीनशी वीस वर्षे तुटलेले संबंध जोडणे ही खरोखरच मोठी गोष्ट होती. त्या गुप्त वाटाघाटींचा दुवा याह्या खान होते. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर ७ जुलै १९७१ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींना भेटले, दुसऱ्या दिवशी पाकिस्तानात गेले, तेथे पोट बिघडल्याचे निमित्त करून दिसेनासे झाले आणि ९ ते ११ जुलै पेकिंगमध्ये होते. एवढी मोठी बाजी लागलेली असताना मध्यस्थाला दुखवायचे नाही, हा विचार वास्तववादी परंपरेला धरूनच होता. (अशा ठिकाणी कौटिल्याचा मंडल-सिद्धान्त उद्धृत करण्याची आपल्या लेखनात प्रथाच पडली आहे. तो मोह येथे टाळला आहे. कौटिल्याने निदान गुप्तहेरांचे म्हणणे ऐकावे असे सांगितले होते.)

परंतु या बचावाला स्वतःची मुदत आहे. १५ जुलैला निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून आपण चीनला जाणार असल्याचे जाहीर केले. त्या क्षणी याह्या यांची मध्यस्थी संपली. पुढील बोलणी पॅरिसमधून आणि न्यूयॉर्कमधून थेट होऊ शकत होती आणि तशी ती झालीही. मग ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांतील धोरणाला कोणता आधार उरतो? नेमक्या याच काळात छावण्या फुगत गेल्या, मुजीबुर रहमान यांच्यावर बंद दरवाजाआड लष्करी खटला चालला आणि युद्ध अटळ होत गेले. राजकीय तडजोडीसाठी याह्या यांच्यावर दबाव आणण्याची वेळ असेल तर ती हीच होती. त्या वेळी काय केले गेले? मुजीब यांना फाशी होऊ नये यासाठी खाजगीत शब्द टाकला गेला, काही दुय्यम संपर्क चाचपले गेले. पण बहुमताच्या नेत्याशी बोलल्यावाचून तोडगा नाही, हे याह्या यांना अध्यक्षांच्या अधिकारवाणीने कधीच ठणकावले गेले नाही. म्हणजे गरज सरली तरी वैद्य काही सुटला नाही, असा हा उलटा प्रकार आहे. याचे स्पष्टीकरण हितसंबंधांच्या गणितात सापडत नाही. ते मैत्रीच्या, रागलोभाच्या आणि आपण दिलेला शब्द मोडला तर पेकिंगला काय वाटेल या धास्तीच्या प्रदेशात सापडते. व्हाइट हाउसमधील संभाषणांच्या ध्वनिफिती आणि परराष्ट्र खात्याने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली कागदपत्रे वाचली की, इंदिरा गांधींविषयीची तेथील भाषा किती हीन होती हे कळते. किसिंजर यांनी त्या वर्षी आपल्या शब्दांबद्दल खेदही व्यक्त केला. शिव्यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. खरे तर शिव्यांपेक्षा त्या संभाषणांत नसलेली गोष्ट अधिक बोलकी आहे : पूर्व बंगालच्या राजकारणाविषयी, तेथील पक्षांविषयी, सहा कलमी मागणीविषयी गंभीर चर्चा तेथे क्वचितच भेटते.

स्वतःला वास्तववादी म्हणवणाऱ्या धोरणाचे मूल्यमापन नीतीच्या नव्हे, तर परिणामांच्या कसोटीवर करावे, असे त्याचे समर्थक सांगतात. तसेच करू. सोव्हिएत संघाला दक्षिण आशियात रोखणे हे उद्दिष्ट होते. ९ ऑगस्ट १९७१ रोजी भारत-सोव्हिएत करार झाला. पाकिस्तानची अखंडता हे उद्दिष्ट होते. १६ डिसेंबरला पाकिस्तान दुभंगले आणि सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले. दोस्ताला अमेरिका अंतर देत नाही हे जगाला दाखवायचे होते. दोस्ताला आपण काहीही केले तरी अमेरिका पाठीशी आहे असे मात्र वाटले, आणि त्याच भ्रमात त्याने ३ डिसेंबरला भारतीय विमानतळांवर हल्ला चढवला. पश्चिम पाकिस्तान आम्ही वाचवले, हा दावा निक्सन आणि किसिंजर यांनी पुढे आवर्जून केला. भारताने तिकडे एकतर्फी युद्धबंदी केली ती अमेरिकी दबावामुळेच, हे सिद्ध करणारा पुरावा मात्र ते पुढे ठेवू शकले नाहीत.

डिसेंबर : मुंबईतून दिसलेले आणि न दिसलेले

युद्धाच्या त्या चौदा दिवसांविषयी विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. मुंबईकरांच्या एका पिढीला ते पाठ आहेत. खिडक्यांना काळे कागद, विझवलेले दिवे, कराचीवर चाल करून आलेल्या क्षेपणास्त्र-नौकांची वार्ता आणि ९ डिसेंबरला दीवजवळ बुडालेली 'खुकरी'. त्याच सुमारास व्हाइट हाउसमधून तीन गोष्टी चालल्या होत्या. जॉर्डनची अमेरिकी बनावटीची लढाऊ विमाने पाकिस्तानला पोचवण्याची व्यवस्था, जी अमेरिकी कायद्यात बसत नसल्याचे त्यांचेच अधिकारी सांगत होते. १० डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये चिनी प्रतिनिधींना भेटून, भारताच्या सीमेवर हालचाल करण्यास दिलेले उत्तेजन. आणि बंगालच्या उपसागराकडे रवाना झालेला 'एंटरप्राइज' या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौकेचा ताफा. या ताफ्याने नेमके काय करायचे, हे अमेरिकी नौदलाच्या प्रमुखांनाही नीट सांगितले गेले नव्हते.

त्या वेळी उपसागरात असलेली आपली 'विक्रांत' पुढे काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय होती. बोरिवली-घाटकोपरच्या महाविद्यालयांच्या सहली तेथे जात. प्रस्तुत लेखकानेही विद्यार्थ्यांना नेले आहे. 'एंटरप्राइज'च्या तुलनेत ही नौका किती लहान होती हे सांगितले की मुलांचे डोळे चमकत. २०१४ मध्ये दारूखान्यात ती मोडीत निघाली. गोष्ट रोमहर्षक आहे, यात शंका नाही. पण ती सांगता सांगता १९७१ चा प्रश्न दोन विमानवाहू नौकांचा होऊन बसतो, आणि ढाक्यातील मतपेटी पुन्हा नजरेआड होते. अध्यापक म्हणून ही चूक आपण वर्षानुवर्षे केली, हे कबूल केले पाहिजे.

आपल्या टीकेची टीका

एका वर्षी तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, न्याय आपल्या बाजूने होता, तर आमसभेत इतके देश आपल्याविरुद्ध का गेले?" प्रश्न योग्य होता आणि त्या दिवशी दिलेले उत्तर समाधानकारक नव्हते. ७ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तात्काळ युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. दहा देश तटस्थ राहिले. विरोधी मतांत भारत व भूतान वगळले तर उरलेले सोव्हिएत संघ आणि त्याच्या गोटातील देश. अलिप्त राष्ट्रांपैकी बहुतेक आपल्याबरोबर नव्हती. ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थांत होते. हे सारे देश काही निक्सन यांचे बांधील नव्हते. त्यांना भय होते ते वेगळेच : शेजारच्या देशातील अन्यायाचे कारण देऊन सैन्य आत शिरू लागले, तर उद्या आपले काय? आणि सार्वभौमत्वाचे हे तत्त्व जगाला सर्वाधिक आग्रहाने सांगणाऱ्यांत आपणच होतो. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले, तेव्हा सुरक्षा परिषदेत भारताने तटस्थ मत दिले होते.

म्हणून निक्सन यांच्या धोरणावरील टीका 'ते भारताच्या विरोधात होते' या पायावर उभी केली, तर तिला त्या १०४ मतांचे उत्तर देता येत नाही. 'एका जनतेने मतपेटीतून दिलेला कौल चिरडला जात असताना, थांबवण्याचे सामर्थ्य असूनही त्यांनी तो चिरडू दिला' या पायावर उभी केली, तर येते. दुसरा पाया अधिक पक्का आहे, पण महागही आहे. कारण तो स्वीकारला की तोच मापदंड आपल्यालाही लागू होतो.

अलीकडच्या घडामोडींनी हा मुद्दा पुस्तकातून बाहेर काढला आहे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी विद्यार्थी आंदोलनाच्या रेट्यापुढे शेख हसीना यांना ढाका सोडून भारतात यावे लागले. त्याआधीच्या निवडणुकांविषयी, विरोधकांच्या गळचेपीविषयी तेथे तीव्र असंतोष होता. दिल्लीच्या धोरणाला त्यामागे कारणे होती. ईशान्येकडील बंडखोरांना थारा न मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याच सीमेला लागून असलेला देश आणि हजारो मैलांवरचा देश यांच्या चिंता सारख्या नसतात, हेही खरे. १९७१ च्या संहाराशी २०२४ ची तुलना करणे तर सर्वस्वी अनुचित ठरेल. तरीही एक साम्य अस्वस्थ करते. एका देशाशी असलेले नाते त्या देशातील एका व्यक्तीत साठवले गेले, आणि ती व्यक्ती गेल्यावर जनतेशी बोलायला भाषा उरली नाही. हसीनांच्या विरोधात रस्त्यावर उतरलेल्या मुलांना भारत कोणत्या पारड्यात दिसला असेल, याचा विचार निक्सन यांच्यावर टीका करणाऱ्याने तरी करायला हवा. आपल्या वर्तमानपत्रांतून मात्र त्या वेळी पुन्हा तोच प्रश्न अधिक विचारला गेला : यामागे अमेरिका आहे की पाकिस्तान, की चीन? म्हणजे पुन्हा तराजू आणि पुन्हा बाहेरची पारडी.

आपल्याकडील अभ्यासक्रमांत १९७१ हे प्रकरण बहुधा 'भारत-पाक युद्धे' किंवा 'भारत-अमेरिका संबंधांतील ताण' या शीर्षकांखाली येते. ते 'निवडणुकीचा नाकारलेला निकाल' या शीर्षकाखाली शिकवून पाहावे. वाचनासाठी प्रथम ढाक्याच्या त्या तारा द्याव्यात, मग निक्सन यांचा तीन रेघांचा शेरा, आणि आमसभेतील मतदानाचा तक्ता त्यानंतर. आर्चर ब्लड यांचे २००४ मध्ये निधन झाले. ढाक्याहून झालेल्या बदलीनंतर त्यांच्या कारकिर्दीला पुन्हा तशी भरारी मिळाली नाही. त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी ढाक्यातील अमेरिकन सेंटरच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव देण्यात आले.